लुमाण्णांची वाट

वनखात्यात एकतीस वर्षं काढली असं सांगितलं की लोक आदरानं बघतात, आणि दुसऱ्याच वाक्यात विचारतात, "मग वाघ बघितला असेल की तुम्ही!" नाही बघितला. मी कारकून होते. टपाल, आवक-जावक, रजेचे अर्ज आणि पावसाळ्यात फायलींवर चढणारी बुरशी फडक्यानं पुसणं, एवढंच माझं जंगल. एकदा टेबलाखाली घोणस निघाली होती. वन्यजीवांशी माझा थेट संबंध आला तो तेवढाच.

तरीही आता निवृत्त होऊन बेळगावातल्या वडगावच्या घरात बसल्यावर, शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाट कानावर येत असताना, मला ऑफिस आठवत नाही. आठवतं ते खानापूरच्या पश्चिमेचं रान. सगळ्या नोकरीत मी तिथं सात-आठ वेळा गेले असेन. पण दूर दिलेल्या मुलीला माहेर आठवावं, तसं ते आठवतं. का, ते सांगायचं तर लुमाण्णांची हकीकत सांगावी लागेल. त्यात माझी एक चूक आहे. खात्याला ती ठाऊक आहे, आता तुम्हालाही सांगते.

आमच्या घरात माग होते. वडील साड्या विणायचे. गल्लीत निम्मी घरं कन्नड बोलणारी, त्यामुळं ती भाषा मला लगोरी खेळता खेळता आली. शाळा मात्र मराठी. पुढं सरकारी नोकरीसाठी कन्नडची परीक्षा दिली, पास झाले, आणि आपल्याला कन्नड येतं असा माझा समज झाला. खानापूरच्या ऑफिसात नेमणूक झाली. साहेब म्हैसूरकडचे होते, सज्जन. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता आणि रानातल्या वाड्यांवरच्या लोकांना कन्नडचा.

त्याच सुमाराला ते रान अभयारण्य म्हणून राखायचं ठरत होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकार एक पाटी लावतं आणि झालं अभयारण्य. तसं नसतं. आधी हक्कांची चौकशी होते. त्या रानात राहणारी, वावरणारी माणसं असतात. कुणाचं पाणी तिथं असतं, कुणाचं जळण, कुणाचा देव. ते सगळं गावोगाव जाऊन विचारायचं, जबानी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, खाली अंगठा घ्यायचा. मग कुठला हक्क ठेवायचा आणि कुठला नाही, ते वरचे ठरवतात. एकदा का ते रजिस्टरात गेलं की पुढची पन्नास वर्षं सगळे त्या कागदाकडंच बोट दाखवतात.

"नीवू बन्नी, मेडम," साहेब मला म्हणाले. तुम्ही चला. लोक मराठीत बोलणार, मी ते कन्नडमध्ये लिहायचं, असं ठरलं.

जीप थांबली तिथून दोन तास चाल होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं कल्लाप्पा गार्ड कोयत्यानं फांद्या बाजूला करत चालला होता. निघताना त्यानं निपाणीची तंबाखू पाण्यात कुस्करून माझ्या पायांना चोळायला लावली होती. म्हणाला, "जळवा वासानंच पळत्यात, बाई." सगळ्याच काही पळाल्या नाहीत. पण तासाभरानं मी जळवांकडं बघायचंच सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा जागी होते जिथं माणसानं केलेला एकही आवाज नव्हता. मागाच्या घरात वाढलेल्या मुलीला शांतता म्हणजे काय ते माहीतच नसतं. दुपार असूनही उजेड हिरवट होता, खाली पानांचा ओला थर. डोक्यावरून एक मोठा पक्षी गेला. त्याच्या पंखांचा आवाज असा आला की कुणीतरी ओलं लुगडं झटकतंय. मी खाली वाकले. कल्लाप्पा हसला. "धनेश हाय. त्याला तुमची भीती वाटाय पायजे, तुमाला त्याची न्हवं."

गावात चौदा घरं. मारुतीच्या देवळापुढं सगळे जमले. साहेबांना खुर्ची, मला पाट. लोक एकेक करून येत होते. एका माणसानं मधाची झाडं बोटांवर मोजत सांगितली, प्रत्येकाला नाव होतं, आणि ती सगळी नावं मी लिहीपर्यंत तो उठला नाही. एक म्हातारी म्हणाली, "आमी रानात जाऊ नये म्हंतासा, बरं. मग रानडुकरांनाबी नोटीस काडा, आमच्या भातात येऊ नका म्हनून." हे मी साहेबांना सांगितलं. ते हसले, मग गंभीर होऊन म्हणाले, "लिहा. बरोबर बोलतायत त्या."

शेवटी लुमाण्णा आले. साठीचे असतील. कमरेला पंचा, खांद्यावर कांबळं. गावात त्यांचा शब्द चालायचा, पण बोलायला ते सगळ्यात मागं थांबले होते.

"आमाला काय बी नको," ते म्हणाले. "आमची वाट तेवडी ऱ्हाऊ द्या. हितनं देवाच्या राईत जाती ती. फुडं घाटाखाली आमच्या सोयऱ्यांकडं बी तीच जाती. माझ्या आज्ज्याच्या आज्ज्यापास्नं हाय ती वाट."

देवाची राई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली काटकीसुद्धा कुणी मोडत नाही.

'वाट' ह्या शब्दाला कन्नडमध्ये माझ्या ओठांवर आला तो 'दारी'. आमच्या गल्लीत तोच बोलतात. पण मला वाटलं, हा गल्लीतला शब्द सरकारी कागदावर कसा दिसेल? शेजारी साहेब बसलेले. आपण शिकलेल्या आहोत हे दिसावं म्हणून मी 'रस्ते' असा शब्द लिहिला, म्हणजे आपला मराठीतला रस्ता. गावापासून देवाच्या राईपर्यंत आणि तिथून पुढं घाटाखाली पूर्वापार रस्ता आहे, तो कायम ठेवावा. ओळ कशी भारदस्त झाली! मला आवडली. पुढं काही विचार केला नाही. आभाळ भरून आलं होतं, ओढा चढायच्या आत परतायचं होतं.

वाचून दाखवायचा नियम होता. मी वाचून दाखवलं, कन्नडमध्ये. लुमाण्णांनी हात जोडून पोथी ऐकावी तसं ऐकलं.

"बरोबर हाय न्हवं, आप्पा?" मी विचारलं.

"तू लिवलंयस म्हंजे बरोबरच आसंल की गं," ते म्हणाले आणि अंगठा पुढं केला.

अभयारण्य झालं. ऑफिसात पेढे वाटले गेले. आपण एका मोठ्या कामात होतो, ते रान आता कुणी तोडणार नाही, याचा मला फार अभिमान वाटला. वडिलांना ते रान दाखवायचं म्हणून एकदा अर्ध्या वाटेपर्यंत घेऊनही गेले. पुढं माझी बदली बेळगावच्या ऑफिसात झाली. मुलं मोठी झाली. सेवेची दोन वर्षं राहिली असताना एक दिवस ती फाईल माझ्या टेबलावर आली.

घाटाच्या ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, अभयारण्याच्या ऐन पोटातून, रुंद डांबरी रस्ता करायचा प्रस्ताव होता. कुणाला हवा होता ते फायलीत लिहिलेलं नव्हतं, पण खाली घाटात हॉटेलांसाठी जमिनी बघितल्या जात होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. राखलेल्या रानातून नवा रस्ता काढायचा म्हटलं तर दिल्लीपर्यंत परवानग्या लागतात. जुना, हक्काचा रस्ता असेल आणि तो नुसता 'सुधारायचा' असेल, तर काम पुष्कळ सोपं होतं. प्रस्तावात म्हटलं होतं, स्थानिकांचा पूर्वापार रस्त्याचा हक्क चौकशीत नोंदलेला आहे. पुरावा म्हणून एका जबानीची नक्कल जोडली होती. खाली लुमाण्णांचा अंगठा. वर माझं अक्षर.

मी ते पान किती वेळ धरून बसले होते कोण जाणे. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "बाई, चहा गार झाला."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत मास्तर, सरळ माणूस. पण म्हणाला, "दोन वर्षं राहिलीत. ज्यांनी वाचायचं ते वाचतील. तू कशाला उकरतीस?" त्याचं चुकलं नव्हतं. माझीही तीच इच्छा होती. पण रात्रभर डोळ्यांसमोर ते जोडलेले हात येत राहिले.

रविवारी मी कल्लाप्पाला घेऊन गावात गेले. त्याचे केस पांढरे झाले होते, चाल तीच. मी मात्र चार ठिकाणी बसले. लुमाण्णा ओसरीवर होते. डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालं होतं, पण आवाजावरून मला ओळखलं.

"लिवनारी बाई व्हय?"

मी त्यांना विचारलं, "आप्पा, तवा तुमी वाट म्हनला होता. कसली वाट?"

"कसली म्हंजे? वाट म्हंजे वाट. दोन मानसं समोरासमोर आली तर एकानं बाजूला व्हायचं, तवडी. गाडी जायाला लागली तर देव ऱ्हाईल व्हय तितं?"

मी घडलेलं सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते आपला अंगठा चोळत बसले. तेवढ्यात आतून त्यांची सून बाहेर आली. रेणुका. तिशीतली असेल. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आप्पा म्हनतील वाट," ती म्हणाली. "मला रस्ता पायजे. माझं नाव लिवून घ्या."

मी पिशवीतून पेन काढलं.

"माझ्या येळंला चौघांनी कांबळ्यात घालून न्हेलं मला. दुसऱ्या वड्याला पानी चडलंतं. उतरंल म्हनून काठावर बसलो. पोरगी तितंच झाली आनि तितंच गेली. तुमी रान राखतासा, राखा. पर आमाला कोन राखतंय?"

पिशवीत प्रस्तावाच्या नकाशाची नक्कल होती. ती काढून तिच्यापुढं पसरली आणि बोटानं दाखवलं. हे तुमचं गाव. हे दोन ओढे. हा रस्ता. रस्ता गावापासून बराच वरून जात होता, देवाच्या राईच्या मधून. गावाकडं फाटा नव्हता. ओढ्यांवर पूल होते, पण ते वरच्या अंगाला. गावच्या माणसाला त्या रस्त्यावर पोचायलाच तासभर चढ चढावा लागला असता.

रेणुका शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिनं नकाशा नीट बघितला, दोनदा बघितला.

"ह्यो आमच्याकडं येतच न्हाय."

"न्हाय."

"मग आमच्या नावानं कशाला मागत्यात?"

तिचा तो प्रश्न घेऊनच मी परतले. तीन दिवस लागले, पण एकपानी टिपण लिहिलं. जबानी घेताना 'कालुदारी', म्हणजे पायवाट, असं लिहायला हवं होतं. माझ्या अपुऱ्या कन्नडमुळं आणि घाईमुळं 'रस्ते' असं लिहिलं गेलं. साक्षीदाराला ते त्याच्या भाषेत वाचून दाखवलं नाही. तो हयात आहे, विचारून घ्यावं. 'अपुऱ्या कन्नडमुळं' हे शब्द लिहिताना फार जीवावर आलं. शिकलेली दिसावी म्हणून केलं, हे मात्र लिहिलं नाही. ते इथं पहिल्यांदाच लिहिते आहे.

वरिष्ठांनी टिपण वाचून चष्मा काढला. "तुम्हाला कळतंय ना हे काय आहे? खोटी नोंद केली असं कुणीही म्हणेल."

"खोटी नव्हे सर. चुकीची."

माझ्यावर खुलाशाची नोटीस निघाली. सेवापुस्तकात ठपका आला. ऑफिसात दोघं-तिघं बोलायचे थांबले. पण टिपण फायलीत लागलं, आणि एकदा फायलीत लागलेलं पान सहजासहजी काढता येत नाही, हे कारकुनाइतकं कुणाला ठाऊक! फेरचौकशी लागली, खानापुरात.

लुमाण्णांना आणणं शक्य नव्हतं. त्यांच्या वतीनं कोण येणार ह्याची मला खात्री नव्हती. सुनावणीच्या दिवशी अकराच्या सुमाराला रेणुका दारात उभी राहिली. पहाटे निघून चालत आली होती. नऊवारीचा काठ चिखलानं भरलेला, हातात चपला. साहेब लोकांपुढं ती उभीच राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. दुभाषा म्हणून मला उभं करायचं की नाही यावर थोडी कुजबुज झाली. शेवटी मलाच उभं केलं, आणि माझं बरोबर आहे का हे बघायला दोन्ही भाषा येणारा शिरसीकडचा एक कारकून शेजारी बसवला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हायसंच वाटलं.

रेणुकानं सासऱ्यांचं म्हणणं सांगितलं, शब्द न शब्द. मी लिहिलं, कालुदारी.

"म्हणजे गावाला रस्ता नको आहे?" चौकशीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"ह्यो नको," ती म्हणाली. "आमाला दोन वड्यांवर साकव पायजेत, मानूस चालत जाईल एवडंच. आनि आठवड्याला एक नर्सबाई. रानाला काय बी हुईत न्हाय त्येनं."

साकवाला काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. पूर्वीची मी असते तर 'पूल' म्हणून मोकळी झाले असते. मी शेजारच्या कारकुनाकडं वळून विचारलं. तो म्हणाला, "कालुसंका." मी लिहिलं. मग सगळं मराठीत वाचून दाखवलं. रेणुकानं एका ठिकाणी थांबवलं, "दोन वडे म्हना, एक न्हवं." दुरुस्त केलं. तिनं सही केली.

रस्त्याचा प्रस्ताव मागं पडला. माझ्या एका टिपणामुळं पडला असं म्हणणार नाही. शहरातली रानासाठी झटणारी मंडळी होती, वकील होते, वरचे काही खमके अधिकारी होते. पण ती राई आज उभी आहे आणि त्यात माझी एक ओळ आहे, एवढं मी स्वतःशी म्हणते.

साकव मात्र झाले नाहीत. एका खात्यानं सांगितलं, वनाची परवानगी आणा. वनानं विचारलं, प्रस्ताव कुठाय? निवृत्त होईपर्यंत मी स्मरणपत्रं लिहीत राहिले. रान राखायला आम्हाला एक पान पुरलं, आणि त्या बाईला ओढा ओलांडता यावा म्हणून लिहिलेली सगळी पानं कमी पडली. ही गोष्ट सांगताना मी दर वेळी इथं अडखळते.

पुढं लुमाण्णा गेले, तिथंच, आपल्या ओसरीवर. त्यानंतर दोन वर्षांत गाव बाहेर यायला तयार झालं. कुणी बळजबरी केली नाही. पण मदत नाही केली तर वेगळी बळजबरी लागत नाही. आता ती चौदा घरं खानापूरजवळ माळावर वसली आहेत. रेणुका अंगणवाडीत स्वयंपाक करते. दुसरी मुलगी झाली, ती शाळेत जाते. दवाखाना पंधरा मिनिटांवर आहे. मी अधूनमधून बसनं जाते. ती मला आक्का म्हणते.

गेल्या वर्षी ती म्हणाली, "आक्का, एकदा जाऊन येऊ या काय?"

आत जायचं तर आता तिलाही परवाना लागतो. अर्ज मीच लिहिला. 'कारण' असा एक रकाना असतो. 'देवकार्य' असं लिहिलं, कारण त्याला परवानगी मिळते हे मला माहीत होतं. सकाळी आठ ते दुपारी दोन, सोबत एक गार्ड, अशी परवानगी आली. कल्लाप्पा आता नाही. एक तरुण मुलगी गार्ड म्हणून आली होती, गदगची, चुणचुणीत.

माझे गुडघे धड नाहीत, रेणुका हात धरून नेत होती. गाव जिथं होतं तिथं पोचलो तर कळेनाच. कुडाच्या भिंती पडून माती झालेली, तिच्यावर पुरुषभर झुडपं. रेणुका इकडून तिकडं फिरत होती. शेवटी एका फणसापाशी थांबली. "ही आमची चूल," म्हणाली, आणि पायानं पानं बाजूला केली. काळी माती होती. शेजारच्या चिखलात गव्याच्या खुरांचे ताजे ठसे होते. वर एका उंच झाडावर धनेशाची जोडी बसली होती. गार्ड मुलगी हळूच म्हणाली, पूर्वी म्हणे ते गावाच्या इतक्या जवळ येत नव्हते.

मला वाटलं रेणुका रडेल. तिनं भाकरी सोडली, मला दिली, गार्डला दिली. खाता खाता म्हणाली, "आक्का, रान लई झाक झालंय गं. आमी हुतो तवा असं नव्हतं."

त्यात कडवटपणा नव्हता. एखाद्या पोराला दत्तक दिल्यावर ते चांगलं वाढलेलं दिसावं, तसा तिचा आवाज होता. दोन वाजत आले तरी आम्ही तिघी उठलो नाही. गार्डनं घड्याळाकडं बघितलं आणि घड्याळाचा हात पाठीमागं घेतला.

यंदाचा अर्ज मी मागच्याच आठवड्यात लिहायला घेतला. रेणुकाला फोन करून विचारलं, "कारण देवकार्यच लिहू?"

ती म्हणाली, "देवाचं नाव कशाला घालायचं? बगून यायचं हाय, एवडंच लिवा."

मंजूर होईल की नाही सांगता येत नाही. तसंच लिहून दिलं आहे.